फाटक सावकाश का उघडतं

आरापोंगा इमारतीत ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही असं बिऱ्हाड एकच आहे, चौथ्या मजल्यावरची रिकामी जागा. तीही सेउ आबेलार्दोंच्या नजरेतून सुटलेली नाही. "रिकाम्या घरात नळ वाजतो," असं ते लिफ्टमध्ये हळूच सांगतात. सेउ आबेलार्दो म्हणजे सहाव्या मजल्यावरचे विधुर गृहस्थ. उभं आयुष्य नोटरीच्या कचेरीत सह्या खऱ्या की खोट्या ते बघण्यात गेलं, त्यामुळे त्यांना सकाळी कुणी 'बों दिया' म्हणून नमस्कार केला तरी ते आधी म्हणणाऱ्याचा चेहरा निरखून घेतात. पण त्यांनाच कशाला नावं ठेवा, आम्ही सगळेच तसे. रिओत राहायचं, त्यातून तिझुका भागात राहायचं आणि संशय घ्यायचा नाही, म्हणजे पाकीट वाळूवर ठेवून समुद्रात शिरण्यासारखं आहे.

म्हणून आमच्याकडे फाटकाला फार महत्त्व. हातात बाजाराच्या पिशव्या, खिशात फोन, मागून मोटारसायकलचा आवाज, आणि समोर आपलंच लोखंडी फाटक बंद. ती मोटारसायकल पिझ्झावाल्याची निघेपर्यंत माणसाचा जीव मुठीत असतो. आत आल्यावर तो ज्या तावातावाने फाटकाबद्दल बोलतो, त्या तावातावाने सरकारबद्दलही बोलत नाही.

हे फाटक माझ्या गळ्यात पडलं ते एका सभेत. आमच्या इमारतीच्या कारभारीणबाई डोना लुसिमार यांनी त्या सभेला एका कंपनीचा माणूस आणला होता. गुळगुळीत दाढी, हातात टॅबलेट. फाटकापाशी एक पडदा बसवायचा आणि साऊं पावलोत बसलेला कुणी माणूस तिथून बघून फाटक उघडणार, अशी योजना. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही दुसऱ्या शहरात. मग अर्थातच आदाउतोची गरज उरत नव्हती.

आदाउतो आमचा दरवान. दूर ईशान्येकडच्या परायबाहून आला तेव्हा डोकंभर केस होते म्हणतात. गॅरेजच्या मागे एक खोली आहे, तीत तो, त्याची बायको सोकोरो आणि दुपारी पडायला टांगलेली एक झोळी. कंपनी आली की नोकरी जाणार आणि खोलीत सायकली लागणार, हे डोना लुसिमारनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आदाउतो कॉफीचा थर्मास धरून दाराशी उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. ते मला बघवेना. तोंडातून निघून गेलं, "फाटकच उघडायचं ना? तेवढा प्रोग्राम मी लिहून देतो. फुकट."

फुकट म्हटल्याबरोबर सगळ्यांना संशय आला. पण फुकट ते फुकटच, त्यामुळे ठराव झाला. ऑगस्टच्या सभेपर्यंत माझा प्रोग्राम चालवून बघायचा. फाटक ठीक चाललं तर आदाउतो राहील, नाही चाललं तर कंपनी. सभेनंतर आदाउतो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दोतोर, तुमच्या हातात आहे आता." मी काही डॉक्टर नाही, पण चष्मा लावणाऱ्या कुणालाही तो दोतोर म्हणतो. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

मी एका विमा कंपनीत प्रोग्राम लिहितो, लुआ नावाच्या भाषेत. लुआ आमची घरचीच. इथे रिओतच जन्मली, मग जगभर गेली, आणि आता परदेशातले लोक आम्हाला ती कशी लिहायची ते शिकवतात. फाटकाचं काम तर अगदीच साधं. प्रत्येक रहिवाशाच्या किल्लीला एक बिल्ला. तो फाटकाच्या डबीला लावला की 'टिक' असा आवाज होतो, दरवानाच्या खोलीतला छोटा कॉम्प्युटर यादीत नाव बघतो, आणि कडी सुटते. दोन शनिवारांत मी ते लिहून बसवलं. शेजारी येऊन बघून गेले, किरकोळ सूचना करून गेले, आणि मी त्या जागच्या जागी सामावून घेतल्या. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघतो' म्हणायचं असतं आणि विसरायचं असतं. मी भोळा, 'बघतो' म्हटलं की खरंच बघतो.

महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. फाटक उघडतं, पण सावकाश. टिक वाजतं आणि मग माणूस नुसता उभा. डोना लुसिमार मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "वाल्मीर, तुझं फाटक विचार काय करतं एवढा? मी कोण आहे हे मला आईनं एकदाच सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं." सेउ आबेलार्दो म्हणाले, "यात काहीतरी पाणी मुरतंय." तिसऱ्या मजल्यावरच्या डोना इव्होनेत, ज्यांचा कुत्रा भुंकतो आणि घटस्फोटित नवरा अधूनमधून खाली येऊन भुंकतो, त्यांनी तर मला थेट विचारलं, "तुम्ही कंपनीकडून काही घेतलं नाहीत ना? मुद्दाम रखडवायला?"

हे फार लागलं. ज्या माणसाने आपला शनिवार फुकट दिला त्याला हे ऐकावं लागावं! मी ठरवलं, फाटक असं पळवायचं की यांची तोंडं बंद झाली पाहिजेत.

आता प्रोग्राम मंद का चालतो, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारू नये. त्याला ते आधीच माहीत असतं. मला माहीत होतं की चूक नावांच्या यादीत आहे. कारण ती मी घाईत लिहिली होती आणि तिच्याकडे बघितलं की मला लाज वाटायची. लाज वाटते तिथेच दोष असणार, असं माझं साधं शास्त्र. रविवारी दुपारी, खाली सगळी गल्ली फुटबॉलच्या सामन्यात बुडालेली असताना, मी यादी मुळापासून नव्याने लिहिली. सुंदर झाली. इतकी सुंदर की मी मारिल्दाला हाक मारून दाखवली.

मारिल्दा माझी बायको. ती क्लबात मुलांना पोहायला शिकवते, गळ्यात शिट्टी आणि मुठीत स्टॉपवॉच. तिने पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "आधी किती वेळ लागत होता?"

"बराच."

"बराच म्हणजे किती? आणि त्यातला या यादीला किती?"

"मारिल्दा, मी हे काम किती वर्षं करतोय?"

"तेही तू कधी मोजलं नसशील," असं म्हणून ती घेवड्याच्या फेजोआदाचं पातेलं ढवळायला गेली.

नव्या यादीने फाटक एक क्षणभरही लवकर उघडलं नाही. उलट एक नवीच भानगड झाली. सुंदरपणाच्या भरात माझ्याकडून दोन बिल्ल्यांची अदलाबदल झाली, आणि डोना इव्होनेत कुत्रा फिरवून आल्या की नोंद व्हायची 'आबेलार्दो आले'. सेउ आबेलार्दोंनी दरवानाच्या खोलीतल्या पडद्यावर ही नोंद वाचली; त्या वेळेला तर ते घरात पायजम्यावर बसलेले होते. आपण घरात असताना आपणच खालून आत आलो, हे वाचून ज्या माणसाची पन्नास वर्षं खोट्या सह्या पकडण्यात गेली त्याचं काय होईल? ते सरळ आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि 'मी एकच आहे' असं शपथपत्र शिक्क्यासकट करून आले. त्याची एक प्रत मला दिली. पोच म्हणून माझी सही घेतली, आणि सही झाल्यावर ती निरखून बघितली.

मग माझा संशय बदलला. लुआत काही चलं, म्हणजे व्हेरिएबल्स, सगळ्या प्रोग्रामभर मोकाट हिंडतात आणि काही आपापल्या घरात राहतात. मोकाट हिंडणाऱ्यांना शोधायला वेळ लागतो हे लुआ लिहिणारा प्रत्येकजण जाणतो. मी एकूण एक मोकाट चल घरात कोंबलं. त्यात एकदोन चुकीच्या घरात गेली असणार, कारण पुढच्या रविवारी सामना सुटायच्या वेळी फाटकाने कुणालाच ओळखायचं नाकारलं. सगळी इमारत आपल्या संघाच्या लाल-काळ्या बनियनांत रस्त्यावर उभी. आदाउतोकडे फाटकाची लोखंडी चावी असते, पण तो सगळ्यांसाठी बर्फ आणायला बाहेर गेला होता आणि चावी आत खिळ्याला होती. शेवटी सोकोरोने आतून फाटक उघडलं. डोना इव्होनेतच्या नवऱ्याला मात्र तोवर रस्त्यावर त्यांच्याशी बोलायची आयतीच संधी मिळाली होती, आणि त्याबद्दल त्यांनी मला आठ दिवस माफ केलं नाही.

त्यानंतर आदाउतो मला दिसला की काहीतरी पुसत असायचा. पुसायला काही नसलं तर कोरडी भिंत. एकदा त्याने न राहवून विचारलं, "दोतोर, होईल ना?" मी म्हटलं, "होईल म्हणजे काय, झालंच." तो हसला, पण सोकोरो हसली नाही. ती मला त्या कंपनीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

सभा आठवड्यावर आली आणि मग मी मारिल्दाचं ऐकलं. तिला न सांगता. लुआत प्रोग्रामला वेळ विचारायची सोय आहे. काम सुरू व्हायच्या आधी एकदा विचारायचं, संपल्यावर पुन्हा विचारायचं आणि वजाबाकी करायची. मी बिल्ला लावला, टिक वाजलं, फाटक उघडलं, आणि पडद्यावर आकडा आला. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा नाही! मी पुन्हा केलं. तेच. म्हणजे माझा प्रोग्राम विजेसारखा धावत होता आणि ही सगळी मंडळी इतके दिवस माझ्या नावाने ओरडत होती. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मी लगेच एक कागद छापून लिफ्टमध्ये लावला: 'शास्त्रशुद्ध मोजमापानुसार फाटकाच्या प्रोग्रामला लागणारा वेळ जवळजवळ शून्य आहे. रहिवाशांना जाणवणारा उशीर हा मानसिक असावा.' खाली सही.

'मानसिक' हा शब्द घालायला नको होता. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर पेनाने बरंच काही लिहिलं गेलं, त्यातलं काही माझ्या आईबद्दल होतं. पण खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. डोना लुसिमारनी मला घरी कॉफीला बोलावलं. कॉफीबरोबर मक्याचा केक होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"वाल्मीर," त्या म्हणाल्या, "तुझा हिशेब मी मानते. प्रोग्राम निर्दोष. पण फाटक तर रखडतं, मी रोज उभी असते. मग तुझा तो कॉम्प्युटर असतो कुणाच्या खोलीत? तिथे हात कोण लावू शकतो?"

"आदाउतो कशाला हात लावेल?"

"का नाही? मशीन बिघडलं की माणूस हवा. त्याचा फायदा त्यातच आहे. मी काही त्याच्या वाईटावर नाही बाबा, पण सभेत तुझा कागद वाचून दाखवणार. तूच सही केली आहेस."

म्हणजे आदाउतोला वाचवायला मी जे मोजमाप केलं तेच त्याच्या मुळावर आलं होतं. मी केक बशीत परत ठेवला. आणि आता एक शरमेची गोष्ट सांगतो. जिना उतरता उतरता मला वाटलं, खरंच, हात कोण लावू शकतो? माझा प्रोग्राम तर शून्य वेळ घेतो. मी दरवानाच्या खोलीत टांगलेल्या आरशातून आदाउतोवर नजर ठेवू लागलो. तो कॉम्प्युटरकडे बघत होता की वर ठेवलेल्या रेडिओकडे? दुपारभर हे चाललं. मग माझ्या लक्षात आलं की तोही त्याच आरशातून माझ्याकडे बघतोय.

"दोतोर," तो वळून म्हणाला, "डोना लुसिमार सोकोरोला बोलल्या. मी त्या डब्याला बोट लावलेलं नाही. धूळसुद्धा लांबून फुंकतो. तुम्हाला माझा भरवसा नसेल तर तसं सांगा. मी आज खोली खाली करतो. पण सभेत चोर म्हणून उभं करू नका."

मी घरी आलो आणि मारिल्दाला सगळं सांगितलं. ती नुकतीच क्लबातून आली होती, केस ओले होते.

"तू कोणाला विचारलंस, किती वेळ लागला म्हणून?" तिने विचारलं.

"प्रोग्रामला."

"पोरं मला सांगतात, टीचर, मी पटकन पोहून आलो. मी त्यांचं ऐकते का?" तिने शिट्टी गळ्यात अडकवली. "चल खाली."

ती फाटकाबाहेर पदपथावर उभी राहिली, हात वर, बोट स्टॉपवॉचवर. मी बिल्ला लावला. टिक. मी उभा. ती उभी. एक मोटारसायकल गेली, आम्ही दोघांनी सवयीने खिसे दाबले. मग कडी सुटली. तिने स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं. अकरा सेकंद.

"हे मानसिक आहे का?" ती म्हणाली.

अकरा सेकंद आणि जवळजवळ शून्य, दोन्ही खरं कसं असेल? मी पायरीवर बसलो आणि विचार करता करता डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही लुआ लिहिणारे सगळे हे जाणतो, आणि गरज असते नेमक्या त्या दिवशी विसरतो. लुआला मी जो वेळ विचारला होता तो प्रोग्राम किती वेळ राबला याचा होता. तो किती वेळ लोळला हे ते घड्याळ सांगतच नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांची कामं याच घड्याळाने मोजतात असा मला जुना संशय आहे.

म्हणजे माझा प्रोग्राम कुठेतरी लोळत होता. मी वर जाऊन प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर खऱ्याखुऱ्या घड्याळाची वेळ छापायला लावली. बिल्ला वाचला, लगेच. यादीत नाव सापडलं, लगेच. मी रविवारची अख्खी दुपार घालून घासलेली ती सुंदर यादी, तिला डोळा मिटायलाही वेळ लागत नव्हता. आणि मग, कडी सुटायच्या आधी, चार ओळी. मीच लिहिलेल्या. प्रत्येकीत कॉम्प्युटरला एकच गोष्ट सांगितलेली: जरा झोप.

सगळं एकदम आठवलं. पहिल्याच शनिवारी डोना लुसिमार जिन्यात मला म्हणाल्या होत्या, "वाल्मीर, कुणाला बोलू नकोस. खाली टिक वाजलं की मला खिडकीत जाऊन बघायचं असतं कोण येतंय. माझे गुडघे तुला माहीत आहेत. थोडं थांबव ना त्याला." मी म्हटलं, बघतो. सेउ आबेलार्दो म्हणाले होते, "दार झटकन उघडलं तर त्याने नीट पारखलं कशावरून? आमच्याकडे कुठलाच शिक्का लगेच मारत नसत. दोन क्षण थांबू द्या. आपल्या दोघांत." मी म्हटलं, बघतो. डोना इव्होनेतच्या नवऱ्याकडे अजून किल्ली होती, म्हणून त्यालाही बिल्ला मिळाला होता. तो काढून घेऊ का विचारलं तर त्या म्हणाल्या, "नको, त्याला राग येईल. पण तो फार उतावळा आहे हो. फाटक उशिरा उघडलं तर अर्ध्या वेळा तो निघून जाईल." तेही मी बघितलं. आणि चौथी ओळ आदाउतोची. "दोतोर, दुपारी झोळीत असतो तेव्हा उठून शर्ट घालण्यापुरतं बघा." प्रत्येकाला दुसऱ्यांसाठी फाटक थोडं थांबवून हवं होतं. स्वतःसाठी कुणीच मागितलं नव्हतं. आणि या किरकोळ उपकारांना मी प्रोग्राम समजलोच नव्हतो, म्हणून संशय घ्यायचं सुचलंच नाही.

"मग सांग की सभेत," मारिल्दा म्हणाली. "चौघांची नावं घे."

"आणि चौथं?"

डोना लुसिमारचं नाव घेतलं की आदाउतोचंही घ्यावं लागणार. दुपारच्या झोपेसाठी दरवानाने फाटक अडवलं, हे ऐकल्यावर त्या सभेत इतर तिघांचं कुणाला आठवलं असतं? मी चारही ओळी पुसल्या. आवाज न करता. लिफ्टमधला कागदही फाडला.

आमची सभा म्हणजे पहिल्या बोलावण्याला कुणी येत नाही. सातचं बोलावणं असतं, त्याला कारभारीणबाई एकट्या बसून 'कोरम नाही' असं लिहितात. साडेसातला दुसरं बोलावणं, त्याला सगळे येतात आणि उशीर झाला म्हणून एकमेकांवर चिडतात. कंपनीचा माणूस बिचारा सातलाच आला होता. टॅबलेट मांडीवर, समोर चीजपावाची परडी. आदाउतो थर्मास घेऊन दाराशी, आणि आज सोकोरोही त्याच्या मागे. डोना लुसिमारनी विचारलं, "वाल्मीर, तुझा कागद कुठे आहे?"

"कागद चुकला होता," मी म्हणालो. "प्रोग्राममध्येच दोष होता आणि तो माझा होता. आदाउतोने कशालाही हात लावलेला नाही. आता फाटक बघा, खाली चला."

सगळी सभा फाटकाशी आली. मी बाहेर गेलो, फाटक ओढून घेतलं आणि बिल्ला लावला. टिक, आणि त्याच क्षणी कडी सुटली. टिक आणि खट्, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आयुष्यात इतका सुरेख प्रोग्राम मी लिहिला नव्हता. मी टाळ्यांची वाट बघितली.

मग सेउ आबेलार्दो हळूच म्हणाले, "त्याने बघितलं तरी का?"

"काय?"

"तुम्हाला. बघितलं का? का नुसतंच उघडलं?"

"यादीत नाव बघितलं ना."

"इतक्यात?"

डोना इव्होनेतचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या फाटकाकडे नाही, रस्त्याच्या टोकाकडे बघत होत्या. डोना लुसिमार पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे बघत होत्या आणि मनात पावलं मोजत होत्या. मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं. माझी ओळ तू काढलीस, असं तिघांच्याही डोळ्यांत स्वच्छ होतं. आणि तिघांनाही ते बोलायची सोय नव्हती, कारण बाकीचे ऐकत होते.

"हे असं चालायचं नाही," डोना लुसिमार म्हणाल्या. "कुणीही घुसेल."

त्या क्षणी कंपनीच्या माणसाला वाटलं आपली वेळ आली. तो टॅबलेट पुढे करून उत्साहाने म्हणाला, "आमचं तर याहूनही जलद! बिल्लाही नको. माणूस नुसता समोर आला की चेहरा ओळखून आपोआप उघडतं, तुम्हाला कळायच्या आत!"

"आम्हाला कळायच्या आत?" सेउ आबेलार्दो म्हणाले.

"चेहरा?" डोना इव्होनेत म्हणाल्या. "आणि एकदा ओळख पटलेला चेहरा तो विसरत नाही?"

"कधीच नाही!" तो अभिमानाने म्हणाला. त्यानंतर त्याचं कुणी ऐकलं नाही. परडीतले चीजपाव मात्र संपले.

ठराव सेउ आबेलार्दोंनी सांगितला आणि डोना लुसिमारनी लिहून घेतला. यंत्राने फाटक उघडू नये. यंत्राने फक्त टिक करावं. उघडायचं काम एका विश्वासू, ओळखीच्या माणसाने, प्रत्येकाला नीट बघून, आपल्या हाताने करावं, आणि तो माणूस इमारतीतच राहणारा असावा. सगळे हात वर गेले. माझा थोडा उशिरा गेला, कारण मी दोन महिने घासलेला प्रोग्राम त्या ठरावात दारावरची घंटी झाला होता. मग मला दाराशी सोकोरो दिसली. ती भिंतीला टेकून रडत होती आणि आदाउतो रिकाम्या कपांत पुन्हा पुन्हा कॉफी ओतत होता. मी हात आणखी उंच केला.

तेव्हापासून फाटक आदाउतो उघडतो. टिक वाजलं की तो शर्टाची बटणं लावत बाहेर येतो, जाळीतून आधी चेहरा बघतो, मग तब्येत विचारतो. डोना लुसिमारना गुडघ्यांबद्दल, इव्होनेतना कुत्र्याबद्दल, आणि त्यांचा नवरा आला तर त्याला हवामानाबद्दल, तो कंटाळून निघून जाईपर्यंत. काल सेउ आबेलार्दो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकाबाहेर उभे होते, मी त्यांच्या मागे. आदाउतो त्यांना परायबातल्या आपल्या भावाच्या मोतीबिंदूची हकिकत सांगत होता. सवय वाईट, मी मनात सेकंद मोजत होतो. चाळीसच्या पुढे सोडून दिले. अखेर फाटक उघडलं, आत येता येता सेउ आबेलार्दो माझ्याकडे वळले, माझा चेहरा नीट बघून घेतला आणि म्हणाले, "बघा, आता कसं चटकन उघडतं. तुमच्या त्या यंत्राने नुसता जीव खाल्ला होता."

"हो ना," मी म्हणालो, आणि आदाउतोने मला तब्येत विचारेपर्यंत थांबलो.